जुनी मोटार आणि गंज

दिल्लीजवळ मेहरौली येथे कुतुबमिनाराच्या आवारात एक लोहस्तंभ उभा आहे. त्याची उंची सुमारे सात मीटर असून वजन सहा टनांहून अधिक आहे. सुमारे सोळाशे वर्षे त्याने ऊन, पाऊस आणि वारा सोसला; तरीही त्याचा देह अद्याप शाबूत आहे. याच्या उलट, कोकणातील एखाद्या गावी अंगणात उभी असलेली मोटार पाहावी. दहा-पंधरा पावसाळे झाले नाहीत, तोच तिच्या दरवाजाच्या कडेवर तांबूस डाग उमटतात, रंगाला फोड येतात आणि एके दिवशी बोट दाबताच पत्रा बिस्किटासारखा चुरतो. दोन्ही वस्तू लोखंडाच्याच; मग एकीला दीर्घायुष्य आणि दुसरीला अकाली क्षय, असे का व्हावे? हा क्षय कसा होतो, तो कोठे दडून बसतो आणि थोड्या खर्चात पण प्रामाणिकपणे त्यावर इलाज कसा करावा, हे समजून घेणे उद्‌बोधक ठरेल.

आपल्या देशात जुन्या मोटारींविषयी लोकांच्या मनात एक विशेष जिव्हाळा आहे. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९६४ पासून इटलीतील फियाट कंपनीच्या नमुन्याबरहुकूम एक लहान, सुबक मोटार बाहेर पडू लागली. तीच पुढे 'प्रीमिअर पद्मिनी' या नावाने घरोघरी परिचित झाली. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या रंगाची टॅक्सी म्हणून तिने कित्येक दशके लोकांची सेवा केली. टॅक्सीसाठी ठरवून दिलेली वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तिने या सेवेचा निरोप घेतला. तिची समकालीन 'अॅम्बॅसडर' ही बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत असे. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. या मोटारी आता नव्याने मिळावयाच्या नाहीत. ज्यांच्याकडे त्या आहेत, त्यांना आहे ती मोटार जपण्यावाचून गत्यंतर नाही. इंजिनाचे बहुतेक भाग बदलता येतात, टायर नवे मिळतात, गाद्यांवर नवे कापड चढविता येते. परंतु मोटारीची काया म्हणजे तिचा पत्रा एकदा सडला, की सारेच संपले. म्हणूनच जुन्या मोटारीचा खरा शत्रू कोणता, असे विचारले तर 'गंज' हेच उत्तर द्यावे लागेल.

गंज म्हणजे काय, हे एका साध्या प्रयोगावरून ध्यानात येते. तीन परीक्षानळ्यांत तीन स्वच्छ खिळे ठेवावेत. पहिल्या नळीत खिळा अर्धा बुडेल एवढे साधे पाणी घालून ती उघडी ठेवावी. दुसरीत पाणी चांगले उकळून, त्यात विरघळलेली हवा घालवून मग ओतावे आणि पुन्हा हवा शिरू नये म्हणून त्यावर तेलाचा थर द्यावा. तिसरीत पाणी मुळीच न घालता ओलावा शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइड ठेवून बूच घट्ट बसवावे. काही दिवसांनी पाहिले, तर फक्त पहिल्या नळीतील खिळा गंजलेला दिसतो. दुसरीत पाणी होते, पण प्राणवायू नव्हता. तिसरीत प्राणवायू होता, पण पाणी नव्हते. यावरून असा निष्कर्ष निघतो की, लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज असते. लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगातून जो तांबूस, भुसभुशीत पदार्थ तयार होतो, तोच गंज होय.

ही क्रिया वस्तुतः विजेच्या एका सूक्ष्म घटासारखी चालते. ओल्या लोखंडावर एका ठिकाणी धातूचे कण विजेचे सूक्ष्म भार मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते भार लोखंडातूनच वाहत दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तेथे प्राणवायू त्यांचा स्वीकार करतो. पाणी हा या व्यवहारातील दुवा होय. पाण्यात मीठ मिसळले, तर विजेचा मार्ग अधिक सुकर होतो आणि गंज झपाट्याने वाढतो. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात मोटारी लवकर का सडतात, याचे रहस्य येथे आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंड गंजण्याचा वेग वाढू लागतो. कोकणपट्टीतील पावसाळ्यात ती याहून पुष्कळच अधिक असते, हे सांगावयास नको.

यातील आणखी एक गोष्ट मोठी विस्मयकारक आहे. केंब्रिज येथील शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी लोखंडाच्या पृष्ठभागावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून निरीक्षण केले. थेंबाच्या कडेला हवा सहज पोहोचते, मध्यभागी ती कमी पोहोचते. साहजिकच कडेचे लोखंड आधी झिजेल असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात मात्र झीज मध्यभागी होते! जेथे प्राणवायू विपुल, तेथील लोखंड बचावते आणि जेथे तो कमी, त्या झाकल्या जागेचे लोखंड झिजते. चिखलाच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या फटीत, रबराच्या पट्टीमागे गंज अधिक खोल का जातो, याचा उलगडा या लहानशा थेंबाने केला. गंज हा उघड्यावर लढणारा शत्रू नव्हे. तो आडोशाने काम करणारा चोर आहे.

अॅल्युमिनियमदेखील प्राणवायूशी संयोग पावते. परंतु त्यावर तयार होणारा थर इतका घट्ट आणि सलग असतो की, तो आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नसतो. मूळ लोखंडाच्या मानाने तो दुपटीहूनही अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, त्याचे पोपडे सुटतात, नवे लोखंड उघडे पडते आणि तेही त्याच मार्गाने जाते. रंगाला जे फोड येतात, ते या फुगण्यामुळेच. मग दिल्लीचा लोहस्तंभ कसा वाचला? कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. बालसुब्रमणियम यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. प्राचीन भारतीय लोहारांच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच असे. त्यामुळे स्तंभाच्या पृष्ठावर लोखंडाच्या फॉस्फेटचा एक पातळ, घट्ट थर कालांतराने तयार झाला आणि तोच त्याचे चिलखत बनला, असे त्यांनी दाखविले. दिल्लीच्या कोरड्या हवेचेही यास साहाय्य झाले. मोटारीच्या पत्र्याला असे चिलखत जन्मतः नसते. त्याची जाडी सुमारे एक मिलिमीटर आणि त्याचे रक्षण करणारा एकच पहारेकरी, तो म्हणजे रंग. त्या रंगाला ओरखडा पडला, की गंजाला दार उघडे झाले.

आता अशी कल्पना करू या की, रत्नागिरीसारख्या गावी एका सेवानिवृत्त गृहस्थांकडे पंचवीस-तीस वर्षांची एक प्रीमिअर पद्मिनी आहे. तिच्यातून घरातील मुले शाळेत गेली, वृद्धांना रात्री-अपरात्री इस्पितळात नेले, लेक सासरी गेली. गृहस्थांचे निवृत्तिवेतन बेताचे आहे. मोटार मोडीत काढणे जिवावर येते आणि मोठ्या कार्यशाळेतील खर्च परवडत नाही. अशा माणसाने काय करावे?

प्रथम त्याने घाई करू नये आणि ऋतू पाहावा. रंगकामाला कोरडी हवा लागते. पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा रात्रीतून पुन्हा तांबूस होतो आणि त्यावर दिलेला रंग वर्षभरात उचकटतो. म्हणून दिवाळीनंतरचे, थंडीचे कोरडे दिवस या कामास उत्तम.

दुसरी गोष्ट परीक्षेची. वैद्य जसा औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो, तसे मोटारीचे सर्वांग तपासावे. मोटार स्वच्छ धुऊन वाळवावी, आतील गालिचे आणि रबरी चटया काढाव्यात आणि ठरावीक जागा क्रमाने पाहाव्यात. चाकांवरील कमानींची आतली कड, जेथे चिखल साचतो. दरवाजांचा तळ, जेथे काचेवरून उतरलेले पाणी बाहेर जाण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात. दरवाजाच्या उंबऱ्याखालची पोकळ पट्टी. पाय ठेवावयाचा तळपत्रा. डिकीतील जादा चाकाचा खड्डा. काचेभोवतालच्या रबराखालचा पत्रा. आणि बॅटरीखालची बैठक, जेथे आम्लाचे थेंब सांडतात, या त्या जागा होत. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर हलकेच ठोकावे. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला पत्रा मातीच्या फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज करतो. शंका आल्यास टोकाने दाबून पाहावे. पूर्वी कोणी एखादे भोक नुसती लांबी भरून बुजविले असेल, तर ते ओळखण्यास लहानसा लोहचुंबक पुरतो. लोखंडी पत्र्याला तो चिकटतो. जाड लांबीवर तो ठरत नाही.

या परीक्षेतून गंजाच्या तीन अवस्था स्पष्ट होतात. पहिलीत गंज केवळ पृष्ठभागावर असतो. दुसरीत पोपडे सुटलेले असतात आणि पत्र्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडलेले असतात. तथापि पत्रा अद्याप आरपार गेलेला नसतो. तिसऱ्या अवस्थेत पत्र्याला भोक पडलेले असते. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. एका अवस्थेचा उपाय दुसरीला लावणे, हेच बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांचे मूळ कारण असते.

पहिल्या अवस्थेचे काम घरी करण्याजोगे आहे. त्यास तारेचा ब्रश, तीन-चार प्रकारचे पॉलिश पेपर, गंजरोधक प्रायमर, रंगाचा लहान डबा, थोडे थिनर आणि स्वच्छ फडकी एवढेच साहित्य लागते. प्रथम तारेच्या ब्रशाने सुटा गंज काढावा. नंतर ८० क्रमांकाच्या खरखरीत पेपरने पांढरा, चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावे. डाग रुपयाएवढा असला, तरी घासण्याचे वर्तुळ तळहाताएवढे ठेवावे. कारण गंज रंगाखाली दिसतो त्याहून दूर पसरलेला असतो. सभोवतालच्या रंगाची कड १८० आणि पुढे ३२० क्रमांकाच्या पेपरने इतकी उतरती करावी की, बोट फिरविले असता पायरी जाणवू नये. बरोबर उतरलेल्या कडेवर रंगाचे निरनिराळे थर झाडाच्या खोडातील वलयांसारखे दिसू लागतात.

येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक होय. विशेषतः लहान मुलांना ती फारच बाधते. म्हणून जेथे जुना रंग घासावयाचा, तेथे पेपर पाण्यात भिजवून घासावे, नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा, खाली कागद पसरावा आणि मुलांना तेथे फिरकू देऊ नये. ओल्या घासणीनंतर पत्रा ताबडतोब पुसून पूर्ण वाळवावा.

धातू उघडा झाल्यावर थिनर लावलेल्या फडक्याने तेलकटपणा पुसून टाकावा आणि मग त्या जागेला हाताचा स्पर्शही होऊ देऊ नये. कारण घामातही मीठ असते! प्रायमर त्याच दिवशी लावावा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात डब्यावर सांगितलेला वेळ वाळू द्यावा. पुष्कळ लोक प्रायमर लावून काम संपले असे समजतात व रंग 'पुढे पाहू' म्हणून ठेवून देतात. ही मोठी चूक होय. बहुतेक प्रायमरमध्ये अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि आत पुन्हा तोच व्यवहार सुरू होतो. प्रायमर धातू आणि रंग यांना जोडतो. पाण्याला खरा अटकाव वरचा रंगच करतो. म्हणून रंगाचे दोन-तीन पातळ हात लगोलग पूर्ण करावेत. नव्या रंगाची छटा जुन्याशी तंतोतंत जुळली नाही, तरी खंत मानू नये. काम शोभेचे नसून रक्षणाचे आहे. मात्र दोन द्रव्ये मिसळून फवारावयाचे जे आधुनिक रंग असतात, त्यांची वाफ फुप्फुसांना फार अपायकारक असते. ते काम योग्य साधने असलेल्या कार्यशाळेवरच सोपवावे.

दुसऱ्या अवस्थेत खड्ड्यांच्या तळाशी गंज शिल्लक राहतो. कितीही घासले, तरी तो निघत नाही आणि अधिक घासावे, तर पत्राच पातळ होतो. येथे रसायनशास्त्र मदतीला येते. फॉस्फरिक आम्ल असलेले द्रावण लावले, म्हणजे गंजाचे रूपांतर लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये होते. दिल्लीच्या स्तंभाला जे कवच निसर्गाने शतकानुशतके राबून दिले, त्याच कुळातील एक पातळ थर येथे काही तासांत तयार होतो. दुसऱ्या प्रकारच्या द्रावणांत टॅनिक आम्ल असते. ते गंजाशी संयोग पावून निळसर काळा, स्थिर पदार्थ बनविते. ही क्रिया आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. सह्याद्रीत मिळणाऱ्या हिरड्यात तुरट टॅनिन विपुल असते. हिरड्याचा काढा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, यांच्या मिश्रणातून काळी शाई करीत असत. जी रासायनिक मैत्री शाईला काळेपणा देते, तीच गंजाला शांत करते! ही द्रावणे वापरताना हातमोजे घालावेत, डोळे जपावेत आणि डब्यावरील सूचना पाळाव्यात. सुटा गंज आधी काढणे येथेही आवश्यक आहे. पोपड्यांवर औषध ओतून काही साधत नाही.

द्रावणाचे काम पूर्ण झाल्यावर प्रायमर द्यावा आणि मग खड्डे सपाट करण्यासाठी लांबी वापरावी. मोटारीसाठी मिळणारी लांबी तिच्याबरोबरच्या नळीतील घट्ट करणाऱ्या द्रव्यात ठरावीक प्रमाणात मिसळतात. ती मिसळल्यावर थोड्याच मिनिटांत दगडासारखी होते. म्हणून एका वेळी लिंबाएवढाच गोळा कालवावा. ती पत्तीने पातळ थरांत लावावी. एकंदर जाडी दोन-तीन मिलिमीटरांच्या पुढे जाऊ देऊ नये. वाळल्यावर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळून ती घासावी. नुसत्या बोटांनी घासले, तर पृष्ठभागावर लाटा उठतात. लांबी पाणी शोषते. यास्तव ती पाण्याने न घासता कोरडीच घासावी, धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये आणि काम होताच ती प्रायमर व रंग यांखाली झाकावी.

तिसरी अवस्था भोकाची. येथे मात्र प्रथम एक प्रश्न विचारावयास हवा: हा पत्रा नुसते आच्छादन आहे, की भार वाहणारा आहे? पूर्वीच्या कित्येक मोटारींना खाली लोखंडी चौकट असे आणि तिच्यावर पत्र्याचे घर बसविलेले असे. पद्मिनी वा अॅम्बॅसडर या मोटारींत ही व्यवस्था वेगळी आहे. तेथे तळपत्रा, उंबऱ्याखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत हे सर्व मिळूनच मोटारीचा सांगाडा बनतो. उंबऱ्याखालची पट्टी दिसावयास क्षुल्लक. पण घराच्या तुळईसारखी ती मोटारीचा भार वाहते. ती सडली, तर मोटार मध्ये वाकू लागते, दरवाजे नीट लागेनासे होतात आणि अपघाताच्या वेळी आतील माणसांभोवतालचे कवच कागदासारखे मिटते.

दरवाजाचा बाहेरील पत्रा अथवा मडगार्डाची खालची कड हे केवळ आच्छादन असते. तेथील भोक अल्प खर्चात बुजविता येते. सडलेला भाग निरोगी धातू लागेपर्यंत कातरीने कापून काढावा, कडा कानशीने साफ कराव्यात, भोकाहून थोडे मोठे पत्र्याचे ठिगळ आतून बसवून रिव्हेटांनी पक्के करावे किंवा काचतंतूंचे कापड राळेत भिजवून आतून चिकटवावे. वरची पायरी लांबीने सपाट करून प्रायमर व रंग द्यावा. शिंपी जुन्या कपड्याला ठिगळ लावताना विरलेला भाग सोडून मजबूत कापडाला टाका घालतो. येथेही तोच न्याय लागू पडतो. सडक्या कडेला धरलेले ठिगळ कडेबरोबरच गळून पडते.

परंतु उंबऱ्याखालची पट्टी, तळपत्रा, स्प्रिंगांच्या बैठका, आसने वा सुरक्षापट्टे जेथे बसविलेले असतात त्या जागा, यांना लांबी किंवा काचतंतू मुळीच चालत नाही. तेथे योग्य जाडीचा पत्रा वेल्डिंगनेच जोडला पाहिजे. हे काम अनुभवी कारागिराचे आहे. त्यात आगीचा धोका असतो. पेट्रोलची टाकी व नळ्या, बॅटरी, आतील कापड यांची नीट व्यवस्था लावल्यावाचून ज्वाला वा विद्युत्‌ठिणगी मोटारीजवळ आणू नये. येथेही काटकसरीला वाव आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. गालिचे व आसने काढून देणे, जुना चिखल खरवडणे, सडका भाग कोठवर आहे हे खडूने आखून ठेवणे, नंतरचे घासणे आणि रंगविणे ही वेळखाऊ कामे मालकाने स्वतः केली, तर कारागिराला फक्त जोडकामाचे दाम द्यावे लागते. पूर्ण नवा भाग घालण्याऐवजी सडलेल्या तुकड्यापुरतेच ठिगळ लावल्यानेही पुष्कळ बचत होते.

याच ठिकाणी मोह आडवा येतो. आपल्या कल्पनेतील गृहस्थांच्या मोटारीचा उंबरा सडलेला आढळला, असे समजू. एखादा मनुष्य त्यांना सांगेल, "साहेब, आत जाळी घालतो, वरून लांबी भरतो, रंग मारतो, कोणाला कळणारसुद्धा नाही." खर्च निम्म्याहून कमी आणि काम एका दिवसात! दुसरा कारागीर मात्र पट्टी ठोकून पाहील आणि म्हणेल, "रंगाचे पैसे तूर्त वाचवा, पण एवढा पत्रा कापून जोडू द्या. या गाडीत पोरेबाळे बसतात." पहिल्याचे बोलणे गोड आहे, परंतु त्याने केलेल्या कामात गंज आत तसाच राहील, लांबीमागे ओल धरून अधिक जोमाने वाढेल आणि ज्या दिवशी त्या पट्टीच्या बळाची खरी गरज पडेल, त्या दिवशी ती दगा देईल. अशी मोटार रंगवून दुसऱ्याला विकणे, हा तर त्याहून मोठा अपराध होय. स्वस्त आणि कमी किमतीचे या दोहोंत अंतर आहे. जे एकदा करून पुष्कळ वर्षे टिकते, तेच खरे स्वस्त.

बाहेरील दुरुस्ती झाली, तरी पोकळ भागांच्या आतील बाजूचा विचार राहतोच. दरवाजाच्या तळाची छिद्रे तारेने मोकळी करावीत. कित्येक दरवाजे या बुजलेल्या छिद्रांमुळेच सडतात. पोकळ पट्ट्यांत मेणयुक्त गंजरोधक द्रव्य नळीने फवारावे. ते फटींत शिरते आणि पाणी दूर ठेवते. काही लोक त्यासाठी इंजिनातून काढलेले काळे तेल वापरतात. ते फुकट मिळते खरे. पण त्यात त्वचेला घातक द्रव्ये असतात आणि ठिबकून ते जमीन व विहिरीचे पाणी बिघडविते. ही काटकसर शेजाऱ्याच्या पदरात नुकसान टाकणारी आहे. तळाला डांबरी लेप द्यावयाचा असल्यास तो गंज पूर्ण काढून, प्रायमर दिल्यावरच द्यावा. गंजावर दिलेला लेप तडकला, की पाणी आत कोंडून ठेवतो आणि रक्षक भक्षक बनतो.

यापुढे उरते ती नित्याची निगा. समुद्रकाठी फिरून आल्यावर मोटारीचा तळ आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धुवाव्यात. ओली मोटार प्लास्टिकच्या आच्छादनाखाली झाकून ठेवू नये. त्यापेक्षा वारा खेळता असलेली उघडी पडवी बरी. पावसाळ्यात चटया वरचेवर उचलून वाळवाव्यात. नवा ओरखडा दिसताच त्यावर रंगाचा एक थेंब ठेवावा. पाच मिनिटांचे हे काम पाच वर्षांनंतरचे वेल्डिंग वाचविते. १९८० च्या दशकापासून जगातील अनेक कारखाने मोटारींसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू लागले; जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. जुन्या मोटारीच्या नशिबी तो मुलामा नाही. तिच्यासाठी मालकाची जागरूकता हाच मुलामा होय.

आपल्याकडील कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांची असते; त्यानंतर मोटारीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. तपासणी करणारा अधिकारी दिवे पाहील, ब्रेक पाहील. पण लांबीमागे दडलेली भोके त्याच्या नजरेतून कदाचित सुटतीलही. ज्याला ती निश्चितपणे ठाऊक असतात असा एकच माणूस असतो. तो म्हणजे स्वतः मालक.

आपल्या कल्पनेतील गृहस्थांनी दुसऱ्या कारागिराचे ऐकले, असे आपण मानू या. त्यांच्या मोटारीचा एक दरवाजा उरलेल्या दरवाजांहून किंचित फिकट दिसेल, उंबऱ्याजवळ जोडाची एक बारीक रेषा डोकावेल आणि वाटेने जाणारा कोणी म्हणेलही की, मोटार जुनी दिसते. दिसू दे! पावसाच्या रात्री घाट चढताना तिच्यात बसलेली नातवंडे निर्धास्त झोपतील. ठिगळ उघड दिसण्यात कमीपणा नाही. आतली भोके झाकून वर चकाकी मिरविण्यात आहे. ही गोष्ट पत्र्याची खरी, आणि विचार केला तर माणसाचीही खरी.